ट्रोलची हजेरी

वादाला निमित्त झालं 'उणे दोन' या आकड्याचं. शॅडोरन नावाच्या खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत खेळाडूनं ट्रोल व्हायचं ठरवलं, की अंगकाठीत पाच गुण वाढून मिळत आणि ताकदीत चार. मग बुद्धीतून दोन कापले जात आणि समोरच्यावर छाप पाडण्याच्या गुणातून आणखी दोन. ऑर्कला मिळे कमी आणि कापलंही कमी जाई. एल्फला मात्र नुसतं मिळे, कापायचं नाव नाही. भाचीनं हा तक्ता मामांना दाखवला तो गंमत म्हणून. मामांना त्यात गंमत दिसली नाही.

मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. हैदराबादच्या मलकपेठेत रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर राहतात. भाची माधापूरकडे एका कंपनीत व्हिडिओ गेमसाठी संवाद आणि पात्रांची टिपणं लिहिते, आणि रविवारी मेट्रोनं मामांकडे जेवायला येते. मी शेजारी. त्या दिवशीचं बोलणं आठवलं तसं लिहितो आहे. मधली खारी डाळ, टमाट्याचं सार आणि मामींचं "आधी जेवा, नंतर भांडा" गाळलं आहे.

खेळाची थोडी ओळख करून देतो. शिकागोच्या फासा नावाच्या कंपनीनं (नाव खरंच फासा, आपला त्यात काही हात नाही) १९८९ मध्ये शॅडोरन काढला. टेबलाभोवती बसून कागद-पेन्सिल-फाशांनी खेळायचा खेळ. काळ २०५० चा, शहर मुख्यतः सिअ‍ॅटल. सरकारांपेक्षा कंपन्या मोठ्या झालेल्या आणि माणसांच्या मेंदूत तारा गेलेल्या. इथवर हे सायबरपंक. पण त्याच जगात जादू परतली आहे. कथेच्या पंचांगात २०११ पासून माणसांच्या पोटी एल्फ आणि बुटके जन्मू लागतात. मग ३० एप्रिल २०२१ ला दहातला एक माणूस बघता बघता ऑर्क किंवा ट्रोल होतो. काल बँकेत कारकून, आज शिंगं. हे जग लोकप्रिय झालं, तेव्हा त्यावर डझनावारी कादंबऱ्या आल्या. वाद होता तो या कादंबऱ्यांविषयी. परीकथेतला राक्षस म्हणजे मठ्ठ आणि हिंस्र, हा ठरून गेलेला साचा त्यांनी खरंच मोडला का?

मामा : आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? नियमपुस्तकातच लिहून ठेवलंय की हा जन्मानं मठ्ठ. कादंबरीकार त्याच कंपनीचा पगारी. तो काय साचा मोडणार?

भाची : पगारी आहे म्हणूनच तर गंमत आहे, मामा. स्वतंत्र लेखक तक्ता फेकून देईल आणि मोकळा होईल. याला तक्त्याला हात लावता येत नाही. जग कंपनीचं, नकाशा कंपनीचा, ऑर्क किती वर्षं जगतो तेही कंपनीनं ठरवलेलं. त्यातून वाट काढायची.

मामा : किती वर्षं जगतो?

भाची : चाळिशीच्या आसपास. आणि एका बाळंतपणात बरीच मुलं.

मामा : वा! म्हणजे मुलं फार, आयुष्य कमी, डोकं कमी. हे वर्णन मी कुठे ऐकलंय? प्रत्येक शहरात, प्रत्येक गरीब वस्तीबद्दल. तुझ्या शिकागोवाल्यांनी त्याचं गणित केलं, एवढंच. अगं, आमच्या या रेसकोर्सवर तरी बरं. रेसबुक उघड. घोड्याचं नाव, वय, बापाचं नाव, आईचं नाव. बाप बघून लोक पैसे लावतात. पण तो घोडा आहे बेटा, माणूस नाही.

(मामा आयुष्यात एकदाही रेस खेळलेले नाहीत. पण सहाव्या निजामाच्या काळात, १८८६ मध्ये, रेसकोर्स मलकपेठेत आल्याचं ते पाहुण्यांना स्वतः आणल्यासारखं सांगतात.)

भाची : मग त्याच पानावरचा शेवटचा रकाना पण बघा ना. वजन. हँडिकॅपच्या शर्यतीत कुणावर साठ किलो, कुणावर एक्कावन्न. ते वजन बापावरून ठरतं?

मामा : नाही. आधी कसा धावला त्यावरून.

भाची : हौ! घोड्याला सुद्धा आधी धावू देतात, मग वजन चढवतात. ट्रोलवर ते जन्मताच चढवलेलं. तक्त्यावरचा तुमचा राग मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की चांगल्या कादंबरीकारांनाही तो रकाना खुपला होता. ख्रिस क्युबासिकची 'चेंजलिंग' घ्या, १९९२ ची. पीटर नावाचा मुलगा, चांगल्या घरातला, अभ्यासू, ऐन वयात ट्रोल होतो. जगाला त्याचं फक्त धूड हवं असतं, दारात उभं करायला आणि हाणामारीला. आणि हा इकडे जीवशास्त्राची पुस्तकं वाचतोय, परत माणूस होण्याचा उपाय सापडावा म्हणून.

मामा : थांब. काल तो माणूस होता. बीजगणित येत होतं. रात्रीत ट्रोल झाला. मग तुझ्या तक्त्याप्रमाणे सकाळी बुद्धीतले दोन गुण गेले. कुणी कापले? मेंदू तोच, आई तीच, वही तीच.

भाची क्षणभर गप्प झाली. मला वाटतं, त्या दुपारचा सगळ्यात धारदार प्रश्न हाच होता, आणि तो विचारणाऱ्यानं कादंबरी वाचलेलीही नव्हती.

भाची : हाच प्रश्न ती कादंबरी घेऊन बसली आहे. ठोकळ्यातून जन्मलेला ट्रोल असता तर 'तो तसाच असतो' म्हणता आलं असतं. इथे वाचकानं त्याला आधी मुलगा म्हणून पाहिलेलं आहे.

मामा : आणि मग मुलगा हुशार निघतो. वाचक खूश. बघा, ट्रोल असून पुस्तकं वाचतो! अगं, हे आपल्याकडे रोज चालतं. घर भाड्यानं देताना नको त्या आडनावाचा माणूस आला, सभ्य वाटला, तर कौतुकानं म्हणतात, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हं." ऐकणाऱ्याला काय वाटत असेल? साचा कुठे मोडला? एकाला साच्यातून उचलून बाहेर ठेवला आणि बाकीचे आत आणखी घट्ट बसवले. अपवाद दाखवला की नियमाला बळकटीच येते.

भाची : 'चेंजलिंग'बद्दल हे थोडं खरं आहे. पीटरला ट्रोल राहायचंच नसतं, तिथूनच गोष्ट सुरू होते. पण सगळ्याच गोष्टी अशा नाहीत. रॉबर्ट शारेट हा खेळ रचणाऱ्यांपैकीच एक. त्याची 'नेव्हर डील विथ अ ड्रॅगन' १९९० ची. नायक सॅम एका जपानी कंपनीत नोकरीला, कंपनीशी एकनिष्ठ. एक दिवस कंपनी कळवते की तुझ्या बहिणीत बदल झालाय. बस. तिला कुठे नेलं, कुठे ठेवलं, भेटता येईल का, काही सांगत नाहीत. त्या जगात जपान असल्या माणसांना एका बेटावर पाठवून देतो. सॅम विचारत राहतो, समोरची माणसं नम्रपणे वाकून नाही म्हणत राहतात. त्या पानांत ऑर्क दिसतसुद्धा नाही, मामा. दिसते ती फाईल.

मामांनी चष्मा काढला. ते एखादं म्हणणं गंभीरपणे घेऊ लागले, की असं करतात.

मामा : फाईल म्हणतेस, तर मग तुला एक खरी फाईल सांगतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार. गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नाही. बाप नोंदलेला असेल तर पोरगा नोंदला जायचा. पारधी, कैकाडी, भामटे, किती नावं सांगू! पोलिसात किंवा पाटलाकडे हजेरी लावायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, तर लगेच सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले. पहिले पाढे पंचावन्न. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाच. लातूरकडचा माणूस, म्हणजे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातला मुलूख. तिथे तुझा 'उणे दोन' पोलिसांच्या वहीत होता, खेळात नाही.

भाची : मग हेच मी सांगतेय की! शॅडोरनमध्ये नागरिकाला नंबर असतो, सिन म्हणतात. नंबर नाही तर तुम्ही कायद्यानं अस्तित्वातच नाही. बँक नाही, दवाखाना नाही, नोकरी नाही. ऑर्कांच्या वस्तीत बिननंबरी लोकच फार. मग उरतं काय? कंपन्यांची काळी कामं. ती केली की लोक म्हणतात, बघा, ऑर्क म्हणजे गुन्हेगारच. नंबर नाकारला म्हणून गुन्हा, आणि गुन्हा केला म्हणून नंबर नाही. जुन्या परीकथेत ऑर्क वाईट, कारण तो ऑर्क. इथे कारण दिसतं, आणि ते सरकारी कचेरीत बसलेलं दिसतं. म्हणून मला वाटतं, राक्षसाचा साचा मोडायला सायबरपंकची गरज होती. नुसत्या जादूच्या जगात वही नसते.

इथे माझं मत नोंदवून ठेवतो. ट्रोलला शहाणा दाखवणं सोपं असतं. त्याला शहाणपणाचा काहीच उपयोग का होत नाही, हे दाखवणं अवघड असतं. भाचीच्या आवडीची पुस्तकं दुसऱ्या प्रकारची आहेत, तरी ती बाजू घेत होती पहिल्या प्रकारची. मामांनी तिला ढकलत ढकलत स्वतःच्या जागेवर आणलं.

मामा : पण एक अडचण राहतेच. पारधी आणि पाटील यांच्या शरीरात फरक नाही. फरक वहीनं निर्माण केला. तुझ्या गोष्टीत ऑर्काला खरोखरच सुळे आहेत, ट्रोल खरोखरच दारातून मावत नाही. म्हणजे वंशवादी जे म्हणतात, की हे लोक मुळातच वेगळे, ते तू आधीच कबूल करून बसलीस. मग वर दया दाखवतेस.

भाची : ही अडचण सुटत नाही. हॉलिवूडच्या 'ब्राइट' सिनेमाचं, २०१७ च्या, तिथेच फसलं. ऑर्काला पोलिसाची वर्दी घातली आणि लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीच्या सगळ्या खुणा त्याच्यावर चिकटवल्या. ऑर्क म्हणजे अमुक जमात, असं थेट समीकरण मांडलं की घाण होते. उलट 'शॅडोरन हाँगकाँग' हा २०१५ चा व्हिडिओ गेम बघा. त्यात गॉबेट नावाची ऑर्क बाई आहे, उंदराला मानणारी मांत्रिक. ती कुणाचं प्रतीक नाही. ती खाते, बडबडते, उकिरड्यातून कामाची वस्तू उचलते, मैत्रिणीशी भांडते. तिची मैत्रीण आयसोबेल बुटकी, पण कुऱ्हाड-दाढीवाली नाही, कॉम्प्युटर फोडणारी, अबोल. आणि गाइचू तर प्रेत खाणारा पिशाच. शिस्त मात्र सामुराईची, बोलणं अदबीचं. त्याची भूक गोष्ट लपवत नाही आणि त्यावरून त्याचा निकालही लावत नाही. खेळणाऱ्याला त्याच्यासोबत जेवायच्या वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं, ते तसंच राहू देते.

मामा : हा गाइचू बरा वाटतो मला. आणि हे सगळं १९८९ नंतर सुचलं म्हणतेस? आपल्याकडे १८७३ ला झालंय. 'गुलामगिरी'. आणि तेही संवादात लिहिलेलं, जोतीराव आणि धोंडीबा. पुस्तक अर्पण कुणाला? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. दैत्य ठरवलेला बळीराजा तिथे रयतेचा राजा होतो. आपल्या बाया पाडव्याला ओवाळताना बळीचं राज्य येवो म्हणतातच, फुल्यांनी त्याला इतिहास दिला.

भाची : पण मामा, तिथे तुमचाच आक्षेप लागू होतो. पुराणात असुर जन्मानं वाईट. फुल्यांनी पारडं फिरवलं, बाहेरून आलेले आर्य वाईट. वंश राहिलाच की. पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये, शूद्र कोण होते त्या पुस्तकात, आर्य वंशाची ती मांडणीच नाकारली.

मामा : नाकारली, बरोबर. पण फुल्यांनी नुसतं पारडं फिरवलं असं म्हणू नकोस. बळी चांगला होता, दयाळू होता, एवढं सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी त्याला कारभार दिला. शेतात शेंदूर लावलेला दगड असतो ना, म्हसोबा? तो फुल्यांच्या लेखी बळीच्या महसुलाचा अधिकारी. खंडोबाही त्याच्याच राज्यव्यवस्थेतला. दैत्यांना त्यांनी सारा, न्याय, सुभे देऊन टाकले. ज्याच्याकडे महसूल खातं आहे त्याला तू नुसता राक्षस म्हणू शकत नाहीस. तुझी ती फाईलच, फक्त उलट बाजूनं. तिथे फाईल माणसाचा राक्षस करते, इथे राक्षसाच्या हातात फाईल देऊन माणूस केला.

यावर भाचीनं लिहून घेतलं. मीही घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे दोघं थोडे भरकटले. मयासुरावर बरंच बोलणं झालं. खांडववन जळताना जीव वाचलेला तो असुर पांडवांना सभा बांधून देतो, म्हणजे महाभारतातला सर्वांत मोठा तंत्रज्ञ राक्षसांकडचाच. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये त्या आगीची जी उलटतपासणी केली, तिच्या शेजारी भाचीनं शॅडोरनमधली ७ फेब्रुवारी २०३९ ची रात्र ठेवली. सिअ‍ॅटलमध्ये 'सुरक्षिततेसाठी' गोदामांत कोंडलेले ऑर्क-ट्रोल आगीत जातात. एल्फांबद्दल दोघांचं एकमत झालं. देखणे, दीर्घायुषी आणि शहाणे म्हणून मिरवणारे एल्फ शॅडोरनमध्ये स्वतःचं वेगळं राष्ट्र काढतात आणि तिथे इतरांना दुय्यम वागवतात. साचा न मोडता त्याची किंमत कोण मोजतं तेवढं दाखवलं. ड्रॅगनचं तर काहीच बदललं नाही. तो पूर्वी गुहेत सोन्यावर बसायचा. आता लोफ्विर नावाचा ड्रॅगन एका प्रचंड जर्मन उद्योगाचा मालक आहे. स्वभावाला साजेशी नोकरी मिळाली, एवढंच.

मग मामांनी शेवटचा डाव टाकला, आणि त्यावर भाचीकडे उत्तर नव्हतं.

मामा : बरं, तुझ्या जगात अमेरिकेचे मूळ रहिवासी कसे आहेत? खरे, आजही जगणारे लोक?

भाची : ते... त्यांनी मोठ्या मंत्रनृत्यानं ज्वालामुखी जागे केले आणि जमीन परत मिळवली. बहुतेक पात्रं मांत्रिक, निसर्गाशी एकरूप, प्राणी-देवता वगैरे.

मामा : म्हणजे कल्पनेतल्या ऑर्काला घरभाडं, बहीण, नोकरी, भूक. आणि खऱ्या माणसाला पीस आणि ढोल. सुळे असलेल्याचा साचा मोडला आणि शेजाऱ्याचा तसाच ठेवला.

भाची : हो. त्याचा बचाव मी नाही करणार. जमीन परत मिळवणारे, राष्ट्र चालवणारे मूळ रहिवासी दाखवणं त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण पात्रं म्हणून ते बहुधा चित्रासारखेच उभे आहेत.

चहा झाला. मामांनी ऑस्मानिया बिस्किटं पुढे केली. तक्त्यांचं पुढे काय झालं, ते जाता जाता भाचीनं सांगितलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या सगळ्या खेळांचा आजोबा. त्याच्या कर्त्यांनी २०२० मध्ये जाहीरपणे मान्य केलं, की ऑर्क आणि काळे एल्फ यांना सरसकट दुष्ट रंगवणं खऱ्या माणसांबद्दलच्या वंशद्वेषाशी वेदनादायक मिळतंजुळतं आहे. २०२४ च्या खेळाडूंच्या मुख्य पुस्तकात 'रेस' हा रकाना गेला. गुणांची वाढ आता कोणाच्या पोटी जन्मलात यावरून मिळत नाही, कुठे वाढलात, काय काम केलंत यावरून मिळते. ऑर्क त्या पुस्तकातल्या दहा प्रकारांत रीतसर बसला.

"म्हणजे रेसबुकातला शेवटचा रकाना," मामा म्हणाले. "शेवटी घोड्याच्या अकलेला पोचले."

भाचीनं पुढचं वाक्य जरा नाखुषीनंच उच्चारलं. त्याच पुस्तकातून अर्धा-ऑर्क आणि अर्धा-एल्फ हे दोन प्रकार काढून टाकले. संकर हा शब्दच अडचणीचा, म्हणून संकराची माणसंच वगळली. मामांनी यावर काही म्हटलं नाही. पण ते ज्या भागात राहतात तिथल्या मूसारामबागेचं नाव एका फ्रेंच सेनापतीवरून, रेमाँवरून पडलं आहे. १७९८ मध्ये तो वारला, आणि इथल्या हिंदूंनी त्याला मूसा राम म्हटलं, मुसलमानांनी मूसा रहीम. असल्या वस्तीत बसून अर्धा-अमुक वगळण्याची कल्पना हास्यास्पद वाटते, एवढं मी म्हणेन.

तुम्ही यातलं काही वाचणार असाल तर माझी शिफारस अशी. 'चेंजलिंग' आधी नको, तिची ओढ सोपी आहे. आधी शारेट वाचा, निदान सॅम बहिणीचा पत्ता मागत फिरतो ती सुरुवातीची प्रकरणं. मग 'उचल्या' हातात घ्या. आणि तुम्ही स्वतः मराठीत असा काही खेळ किंवा गोष्ट लिहीत असाल, तर कृपा करून राक्षसाला कवी करू नका. त्याचं रेशनकार्ड कुणी अडवलं आहे, ते आधी लिहा.